मागच्या दोरीवरची चड्डी

सायकलवर माणूस पायांनी दमतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी लांबवर सायकल चालवलेली नसते. पाय बिचारे शेवटपर्यंत साथ देतात. जीव नकोसा होतो तो बसायच्या जागी.

पन्नाशीला मला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, हला. मुलगा पुण्याला जाताना टाकून गेलेली गिअरची सायकल मी बाहेर काढली. आठवडाभर शाळेच्या ऑफिसात खुर्ची उबवायची, घरी आलं की ओट्याशी उभं राहायचं, आणि रविवारी सकाळी पेणहून निघून रोह्याला आईकडे जायचं, संध्याकाळी परत. "ट्रेन आहे की," नवरा म्हणाला. ट्रेन आहे हे मलाही माहीत होतं. पण ट्रेनमध्येही कुणीतरी काहीतरी विचारतंच, आणि मला चार तास कुणाला उत्तर द्यायचं नव्हतं.

घालायचं काय, हा प्रश्न पहिल्याच रविवारी आला. सलवार गडब गावाच्या अलीकडेच चेनमध्ये गेली. रस्त्याकडेच्या दुकानदाराने कात्री आणून मला सोडवलं आणि सौजन्य म्हणून दुसरीकडे बघत राहिला. लेगिंगची शिवण नेमकी नको तिथे येते. जीन्सचं तर नाव काढू नका. शेवटी बुडाशी स्पंजची गादी शिवलेली, गुडघ्यापर्यंतची काळी सायकलची चड्डी मागवली. आतून काहीही न घालता ती नुसतीच घाला, असं सोबतच्या कागदावर लिहिलं होतं. हे लिहिणाऱ्याला आई नसावी. रोह्यात वाढलेल्या बाईला असलं धाडस होत नाही, म्हणून महिनाभर मी आतून घालायचं ते घालूनच चालवली आणि महिनाभर सोलवटून घेतलं. मग एकदाची लाज सोडली, वरून ढगळ कुर्ता चढवला, आणि नागोठणं मागे पडल्यावर लक्षात आलं की आज काही दुखतच नाहीये. इतकं सुख मला बरेच दिवसांत कुठल्या कपड्याने दिलं नव्हतं.

त्या सुखावर आईने पाणी ओतलं, अगदी शब्दशः.

मी पोचले, अंघोळ केली, आईचा जुना गाऊन अडकवून जेवायला बसले. जेवून उठते तर चड्डी, आता तीच अंगालगतची म्हणून, बादलीतून धुऊन निघालेली. माहेरी आलेल्या लेकीने धुण्याला हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा नेम. धुतली तर धुतली, निदान उन्हात घालावी! पण बाईमाणसाचं आतलं कापड चारचौघांना दिसेल असं वाळत घालायचं नाही, हाही नेमच. आईने ती मागच्या पडवीतल्या दोरीवर टाकली आणि वरून स्वतःचं लुगडं पसरलं. लुगड्याखाली, सावलीत, बोटभर जाडीची गादी. निघायच्या वेळी आईने ती हाताने चाचपली.

"वाळली का गो?"

"वाळली."

वाळली कसली! वरचं कापड तेवढं कोरडं, गादीतून पाणी निथळत होतं. ओल्या पावासारख्या त्या गादीवर बसून मी पेणला आले. थंडीचे दिवस, त्यात ती ओल. घरी येऊन चालले तेव्हा नवऱ्याने खुर्चीत उशी आणून ठेवली, यातच सगळं आलं.

पुढच्या रविवारी दुसरी चड्डी घेऊन गेले. पिशवीच्या तळाशी होती, तरी आईने शोधून काढली. "ही पन घामेजलीय," म्हणाली आणि दोन्ही धुतल्या. त्याच्या पुढच्या वेळी दुसरी लपवली, तर म्हणाली, "माहेराला येतेस नि पिशवी छातीशी धरून बसतेस? काय चोरून चाललीस?" मी पिशवी सोडली.

एक वाक्य बोलायचं होतं. आई, नको धुऊस, वाळत नाही. ते मला बोलवेना, आणि का बोलवेना ते मला चांगलं ठाऊक होतं. आई एकदा गॅसवर दूध ठेवून विसरली, तेव्हापासून वहिनीने तिला स्वयंपाकघर बंद केलं होतं. वहिनी वाईट नाही. आईला पान वाढून हातात देते, औषध देते, भांडं उचलू देत नाही. माणसाला असं जपलं की त्याला दिवसभर काही काम उरत नाही. अख्ख्या आठवड्यात आईच्या हाताला म्हणून एकच काम होतं, माझी चड्डी. त्यासाठी ती साबणाची वडी वेगळी काढून ठेवायची.

तेवढ्यात मला गळू झालं. डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि वैतागल्या. "ओल्या कपड्यात बसता? असंच चाललं तर कापावं लागेल, आणि मग सायकल कायमची बंद." मला रडू आलं. दुखण्याचं नाही, रविवारचं. त्या चार तासांवर मी उरलेला आठवडा ओढत होते. पंधरा दिवस घरी बसले, आणि त्या दिवसांत ठरवलं की आता सांगून टाकायचं.

पुन्हा निघाले तेव्हा ते वाक्य वाटभर घोळवलं. गडबला ते फार तुटक वाटलं, नागोठण्याला फार लाडीक. रोहा आलं तेव्हा एक बरं वाक्य तयार होतं.

आई खाटेवर होती. वहिनी म्हणाली, "चार दिवस झाले, उठवत नाय त्यांना. तुमाला कळवू नको म्हनाल्या, ती सायकल टाकून धावत येईल म्हनून." आईचे हात पांघरुणावर होते, बोटं सुजलेली. मला बघून तिने विचारलं, "लागलं का गो वाटेत ऊन?" आणि मग, "ठेव बादलीत. जरा पाठ टेकते, नि धुते."

मी ठेवली. जेवले. तिच्या पायाशी बसले. ती झोपली, जागी झाली, पुन्हा झोपली. वहिनी बादलीकडे वाकली, "मी टाकते धुऊन." मी इतक्या जोरात "नको" म्हणाले की ती दचकली. निघायची वेळ झाली तरी चड्डी बादलीत तशीच होती, घामाने पांढरी पडलेली, कोरडी. तीच घातली. तयार केलेलं वाक्य पोटातच राहिलं. ते आता कुणाला सांगायचं?

निघताना आईच्या कपाळाला हात लावला. तिने डोळे उघडले. हात उचलून माझ्या मांडीवरचं कापड दोन बोटांत धरलं आणि चाचपलं.

"वाळली का गो?"

"व्हय," मी म्हटलं, "खडखडीत वाळली."

"बघ, धुतली मी," ती वहिनीला म्हणाली.

त्या संध्याकाळी परतीच्या वाटेवर पहिल्यांदाच मला कुठे काही टोचलं नाही, काही ओलं लागलं नाही. गडबच्या अलीकडे मी सायकल बाजूला घेतली आणि उभ्याउभ्याच रडले.