अक्षरं झाकणाऱ्या बाई

कुणीही नवं चित्र समोर ठेवलं की बाई आधी खालच्या मजकुरावर पंजा ठेवायच्या. "अक्षरं झाकली. आता सांग गं, काय दिसतंय?"

मालाडच्या आमच्या डिझाइन स्टुडिओत त्या सगळ्यांत ज्येष्ठ चित्रकार. शिपाई, वॉचमन, कुरिअरवाला, कुणाचीही त्या पंजातून सुटका नव्हती. एकदा विम्याच्या जाहिरातीसाठी मी छत्रीखाली हसणारं कुटुंब काढलं होतं. वॉचमन म्हणाला, "छत्रीचं दुकान उघडलं काय?" बाई इतक्या हसल्या की चष्मा पुसावा लागला. मी दोन दिवस फुगून बसले. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. ते येताना दिसलं की आपण उगाच स्क्रीनमध्ये डोकं खुपसतो.

मग ते गोवंडीचं काम आलं. जुलाब झालेल्या बाळांसाठी जलसंजीवनी कशी करायची, याचं पत्रक. एक संस्था ते मीठ-साखरेच्या तयार पुडीसोबत घरोघर वाटणार होती. अख्खी पुडी लिटरभर पाण्यात विरघळवायची. मी आधी पातेलं काढलं होतं, पण त्यानं आईचा चेहरा झाकला जात होता. म्हणून पातेल्याच्या जागी ग्लास आणला. चित्र झकास दिसायला लागलं. बाई दोन दिवस रजेवर होत्या आणि स्टुडिओचे मालक, आमचे सर, यांना घाई होती. पत्रक साकीनाक्याला छापायला गेलं, पहिली पन्नास गोवंडीत वाटलीही गेली.

बाई आल्या. पंजा ठेवला. "सांग."

"पुडी फोडायची, ग्लासात..." तिथंच माझ्या लक्षात आलं. एवढ्याशा पाण्यात अख्खी पुडी म्हणजे बाळाच्या पोटात नुसतं मीठ. तरी मी म्हटलं, "पण खाली लिहिलंय ना, एक लिटर म्हणून!"

"ज्यांना वाचता येतं त्यांना तुझं चित्र कशाला हवं?"

त्यांनी छापखान्याला फोन लावला. "मशीन थांबवा." सर केबिनमधून ओरडले, "एका ग्लासासाठी? वाट लावाल माझी!" तोवर बाईंनी माझा हात धरून रिक्षा थांबवली होती.

संस्थेच्या आरोग्यताई आम्हाला गल्लीबोळांतून नेत होत्या. सातव्या की आठव्या घरात एका आईनं पुडी ग्लासात ओतली होती, चमचा बाळाच्या ओठांशी नेला होता. मी किंचाळलेच. बाई शांतपणे तिच्याजवळ उकिडव्या बसल्या. "थांब गं बाय माझी. तुझं काही चुकलं नाही. चूक आमची झाली." त्यांनी ग्लास मोरीत ओतला, लिटरच्या बाटलीनं पातेल्यात पाणी मोजलं, नवी पुडी कालवली. बाळानं घोट घेतला तेव्हा मला रडू फुटलं.

संध्याकाळपर्यंत एकोणपन्नास पत्रकं परत मिळाली. पन्नासावं घर बंद होतं. नवरा-बायको आजारी बाळाला घेऊन गावी गेलेले. नंबर कुणाकडेच नव्हता.

सरांनी विचारलं, "पास कुणी केलं?" मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "मी." रजेवरचं माणूस पास कसं करेल, हे सरांनी विचारलं नाही आणि मीही गप्प राहिले. महिनाअखेरीस बाईंचं टेबल रिकामं झालं.

परवा आरोग्यताई कामासाठी स्टुडिओत आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, बाई अजून दर शनिवारी येतात, त्या घराचं कुलूप बघून जातात. मग जीभ चावून म्हणाल्या, "अगं, तुला सांगायचं नव्हतं. पोरीची झोप उडेल म्हणाल्या होत्या."

ती गल्ली मला माहीत आहे. मी एकदाही गेलेले नाही. कुलूप निघालेलं असलं तर काय कळेल, याचीच मला भीती वाटते.