साहेबाच्या पोरांसाठी गल्ली

रंगनाथ ज्या सरकारी कचेरीत शिपाई होता, ती कचेरी जमिनीखालचं पाणी शोधत असे. त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. नगर जिल्ह्यात पाण्यापेक्षा पाणी शोधणारी माणसं जास्त झाली होती. रंगनाथ मूळचा तिसगावकडचा, पण चौदा वर्षं नोकरीत काढून तो आता शहराबाहेर, सावेडीच्या रस्त्याला, चुनाभट्टी गल्लीत राहत होता. तिथं नळ नव्हता. चौथ्या दिवशी टँकर यायचा, आणि तो आला की बायकांच्या भांडणात निम्मं पाणी सांडायचं.

"गावाला पानी दावनारी तुमची कचेरी," त्याची बायको रतनबाई म्हणायची, "अन् आपल्या घरात घागर उपडी."

"मी पानी शोधत न्हाई. फायली उचलतो," रंगनाथ म्हणायचा.

पाण्याबद्दल त्याला जे ठाऊक होतं ते कचेरीतल्या एकाही नकाशात नव्हतं. पाणी उताराकडं वाहतं, असं भूगोलात लिहिलंय. नगरात ते साहेबाच्या घराकडं वाहतं. एखाद्या गल्लीत अधिकारी राहायला आला की आठ दिवसांत दिवा लागतो आणि महिन्याभरात नळ येतो. पुढं साहेबाची बदली झाली की दिवा जातो, पण नळ जमिनीत गाडलेला असल्यामुळं राहतो. रंगनाथनं हे तीन गल्ल्यांत पाहिलं होतं.

म्हणून मार्चमध्ये डेन्मार्कहून पत्र आलं, तेव्हा ते हेडक्लार्कच्या टेबलावर ठेवून तो तिथंच रेंगाळला. बोअरिंगची मोठी मशीन घेऊन एक इंजिनियर दीड वर्षासाठी येणार होता. सोबत बायको, दहा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. घर शाळेपासून जवळ हवं आणि 'मुलांचा विचार करून' निवडलेलं हवं, असं बाईंनी स्वतः लिहिलं होतं.

हेडक्लार्क काकासाहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

"मुलांचा विचार करून, म्हणजे काय रे रंगनाथ?"

"काय साहेब?"

"म्हणजे शांतता. गोरी माणसं. त्यांच्या पोरांना आपल्या पोरांचा कालवा सहन व्हायचा नाही."

साहेबांच्या वाक्यात दुरुस्ती करणं शिपायाच्या कामात बसत नाही. शिवाय रंगनाथला ते पटलंही. कोणताही साहेब तपासणीला यायचा असला की सडा पडतो, रस्त्याच्या कडेनं फक्कीच्या रेघा ओढतात आणि कुत्री, म्हशी, पोरं या क्रमानं सगळं हाकलून देतात. सरकारी पाहुणचाराची तीच रीत होती.

घर पाहायला बाई पुढं आल्या. उंच, उन्हानं लाल झालेल्या, पायात चपला आणि डोक्यावर स्वतःच्या हातानं विणलेली टोपी. नाव इंगे. त्यांनी आधी भिंगारला लष्कराच्या छावणीतला बंगला पाहिला. आवार एवढं मोठं की शेजारी दिसतच नव्हता. बाई म्हणाल्या, मुलं इथं एकटी पडतील. काकासाहेबांना वाटलं, बाई नम्रपणे भाडं जास्त आहे म्हणतायत. मग कापड बाजाराच्या वरची माडी दाखवली. ती त्यांना आवडली होती, पण शाळेपर्यंतच्या रस्त्यात तीन ट्रक आणि एक बैल आडवा आला. उरली सावेडीची बाजू. तिथून शाळा पायी दहा मिनिटं. तिथं लागून दोन गल्ल्या होत्या: एक चुनाभट्टी आणि तिच्या पाठीला पाठ लावून पेन्शनर गल्ली. पेन्शनर गल्लीत सगळे निवृत्त लोक. त्यांची मुलं पुण्या-मुंबईला, आणि नातवंडं फक्त फोटोत.

"साहेब," रंगनाथ म्हणाला, "चुनाभट्टीत कोपऱ्यावर चार खोल्यांचं घर रिकामं हाय. गल्ली लई शांत."

हे खोटं होतं. चुनाभट्टीत चौदा घरं आणि एकतीस पोरं होती. रंगनाथनं रात्रीच प्रत्येक दारात जाऊन समजावलं होतं. बाई इथं राहिली, की नळ इथं येणार. बाईला शांतता पायजे. तवा उद्या अकरा ते बारा गल्लीत पोर दिसता कामा नये.

"एक तास?" शेजारची केशरबाई म्हणाली. "मला पाच हायेत. एक तास गप बसवायची तर बांधावी लागतील."

"नळ, केशरबाई. नळ."

"बांधते," केशरबाई म्हणाली.

पोरांना बंद पडलेल्या जकात नाक्याच्या खोलीत कोंडायचं ठरलं. राखण रतनबाईची, आणि सोबत दोन शेर गूळ-शेंगदाणे. गल्ली झाडली, फक्की मारली. वाळवणं आत गेली, गोट्या गोळा झाल्या, चुन्यानं भिंतीवर काढलेल्या स्टंपांवर शेण सारवलं. अकरा वाजता चुनाभट्टी इतकी स्वच्छ आणि सुनी झाली की रंगनाथच्या अंगावर काटा आला. पटकीच्या साथीतही ती इतकी गप्प नव्हती.

बाईंनी घर पाहिलं. खिडक्या उघडून पाहिल्या, अंगण पायानं मोजलं. मग दारात उभं राहून त्यांनी काकासाहेबांना इंग्रजीत काहीतरी विचारलं.

"इथं मुलं आहेत का, विचारतायत," काकासाहेब कानाशी पुटपुटले आणि छाती काढून बाईंना म्हणाले, "नो, मॅडम! नॉट वन!"

बाईंचा चेहरा पडला. तो पडलेला रंगनाथनं पाहिला, पण उन्हानं पडला असेल असं त्यानं धरलं.

जीप जकात नाक्यापाशी आली. नेमके तेव्हाच गूळ-शेंगदाणे संपले होते आणि त्यांच्याबरोबर पोरांची निष्ठाही. दार मोडून एकतीसच्या एकतीस रस्त्यावर सांडली. मागून रतनबाई हातात रिकामी पाटी घेऊन धावत होती. पोरांनी जीपला गराडा घातला. कुणी बोनेटवर चढलं, कुणी बाईंच्या टोपीला हात लावला. बाई हसायला लागल्या. सकाळपासून पहिल्यांदा.

त्यांनी वळून थेट रंगनाथला विचारलं. त्याला इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण प्रश्न कळला: ही कुठली?

रंगनाथनं काकासाहेबांकडं पाहिलं. काकासाहेब पुढच्या काचेतून समोर पाहत होते, पाच मिनिटांपूर्वी 'नॉट वन' म्हणालेल्या माणसानं पाहावं तसे. खरं सांगावं तर हेडक्लार्क तोंडघशी पडतो. रंगनाथच्या घशाशी नळ आला होता, आणि चौदा वर्षांची नोकरीही. नोकरी आधी बाहेर पडली. त्यानं पेन्शनर गल्लीकडं बोट केलं.

"तिकडची, मॅडम."

बाईंनी त्याच दुपारी पेन्शनर गल्लीतलं घर पक्कं केलं.

मग सगळं रंगनाथच्या सिद्धांताप्रमाणं झालं. आठ दिवसांत दिवा, तिसऱ्या आठवड्यात पाईप. फक्त ते शेजारच्या गल्लीत झालं. रतनबाई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, ते न बोललेलं बरं होतं.

साहेबाच्या मुलांनी पेन्शनर गल्लीत पोरं शोधून पाहिली. एका रिटायर मामलेदारानं त्यांना बाकावर बसवून जमीन महसुलाची माहिती सांगितली. चौथ्या दिवशी दोघं मागच्या भिंतीवर चढून चुनाभट्टीत उतरली, ती मग रोजच. दोन महिन्यांत लीसा, म्हणजे ती दहा वर्षांची पोरगी, केशरबाईच्या थोरलीशी भांडण्याइतकं मराठी बोलू लागली.

एका संध्याकाळी इंगेबाई तिला न्यायला आल्या. रंगनाथच्या दाराशी टँकरची वाट पाहत घागरी ओळीनं मांडल्या होत्या. बाईंनी तिकडं पाहून काही विचारलं. रतनबाईनं उत्तर दिलं:

"सांगा त्यांला. तुमच्या घरचा नळ आमच्या गल्लीचा व्हता. ह्या मान्सानं खोटं बोट दावलं."

रंगनाथ घाईनं म्हणाला, "टी, मॅडम. शी सेज टी."

"न्हाई," लीसा म्हणाली, "असं न्हाई बोलली काकू." आणि तिनं आईला शब्दन् शब्द सांगितला. बोटासकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या भिंतीवरून एक हिरवी रबरी नळी चुनाभट्टीत लोंबू लागली. मामलेदारांनी नगरपालिकेकडं पाच सह्यांची तक्रार केली. ओव्हरसियर आला. नळी काढावी तर ती परदेशी साहेबाची. ठेवावी तर बेकायदा. त्यानं विचार केला आणि रजिस्टरात 'तात्पुरती नळजोडणी' असं लिहून तिला कायदेशीर केलं. त्यामुळं चुनाभट्टी कागदोपत्री नळाची गल्ली झाली. नळ असलेल्या गल्लीला टँकर देता येत नाही, म्हणून सोमवारपासून टँकर बंद झाला.

आता चौदा घरांचं पाणी दोन पोरांच्या खुशीवर आलं. ती रुसली, तर नळी वर ओढली जाईल. रंगनाथनं पुन्हा दारोदार जाऊन बजावलं. लीसाच्या भावाला, येन्सला, धाकट्यांनी ढकलायचं नाही, लीसाला खेळात हरवायचं नाही.

शिवाशिवीत मग लीसाच्या अंगाला कुणी हातच लावेना. ती समोर येऊन उभी राहायची, तरी राज्य असलेलं पोर वळसा घालून दुसऱ्यालाच शिवायचं. आठवडाभर असं चाललं. एके दिवशी ती रंगनाथच्या ओट्यावर येऊन बसली. डोळ्यांत पाणी होतं.

"रंगनाथकाका, ही लई लबाड पोरं हायेत. माझ्यावर राज्य येऊच देत न्हाईत. मी उद्यापासून येनार न्हाई."

रंगनाथ घाबरला. "शिवा रे तिला!" तो ओरडला. "शिवा!"

एकही पोर हललं नाही. एकतीस पोरांनी आपापल्या आयांकडं पाहिलं. आया नळीकडं पाहत होत्या.

रतनबाई कळशी भरत होती. तिनं ती खाली ठेवली, ओल्या हातानं येऊन लीसाच्या पाठीत एक धपका घातला.

"घे! तुज्यावर राज!"

लीसा किंचाळली. कितीतरी दिवसांनी ती मनापासून हसत होती. पोरं पांगली. तिनं डोळे पुसले, भोवताली पाहिलं आणि सगळ्यांत जवळचा माणूस हेरला.

साहेबाची मुलगी अंगावर आली की उठून उभं राहायचं आणि खाली बघायचं, हे रंगनाथला कुणी शिकवलं नव्हतं. नोकरीनं ते आपोआप येतं. तो उठून उभा राहिलाही.

"अवो, पळा की!" रतनबाई ओरडली.

रंगनाथ पळाला.