पडद्यावरचं बिगूल

रविवारच्या शब्दकोड्यात आज ‘शिपायांचं वाद्य, तीन अक्षरं’ असं आलं. ‘बिगूल’ लिहिलं आणि रहिमतपूरच्या जत्रेतला तंबूतला सिनेमा आठवून पन्नास वर्षांनीही कान तापले.

मी तेव्हा शाळेत होते. कुठल्या नटाचं खरं नाव काय, कुठल्या नटीला कोणता रंग आवडतो, सगळं तोंडपाठ. आबांना, म्हणजे फौजेत असलेल्या माझ्या वडिलांना, एकही नट ओळखता यायचा नाही. लढाईनंतर ते पहिल्यांदाच सुट्टीवर आले होते आणि मीच हट्टानं त्यांना सिनेमाला नेलं होतं. तंबूत विड्यांचा आणि तुडवलेल्या गवताचा वास कोंदला होता. पडद्यावर शिपाई झालेला माझा लाडका हीरो मेला, त्याच्यावर तिरंगा पांघरला, बिगूल वाजलं. आणि आबा ताडकन उठून सावधान उभे राहिले.

“ओ फौजी, बसा की खाली! पडदा दिसंना!” मागून शिट्ट्या सुरू झाल्या. माझ्या वर्गातल्या पोरी तोंडावर हात धरून हसत होत्या. मी आबांचा सदरा ओढला. “आवं आबा, बसा की! त्यो खोटा मेलाय!”

बिगूल थांबेपर्यंत ते हलले नाहीत. मग बसले आणि हळूच म्हणाले, “नट खोटा असंल गं. बिगूल खरं हाय.”

मला मात्र कधी एकदा तंबूबाहेर पडते असं झालं होतं.

आज शेजारी बसलेल्या नातवाला हे सांगितलं, तर त्यानं विचारलं, “आजी, हीरो कोण होता?” तोंडपाठ असलेलं ते नाव आता आठवत नाही. आणि आबा कुणासाठी उभे राहिले होते, ते नाव तर मी कधी विचारलंच नाही.