दिवसाउजेडीचं जेवण

संध्याकाळचे पाच वाजले की जिनपाल आण्णांचं डोकं तापायला लागायचं. सांगलीच्या विश्रामबागेतल्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभं राहून ते एकदा उन्हाकडं बघायचे आणि एकदा खालच्या फाटकाकडं. ऊन उतरत चाललेलं, आणि फाटकातून लेक अरिहंत येईल तर शपथ!

घर जैनाचं. दिवस मावळल्यावर तोंडात घास घालायचा नाही, हा नेम आण्णांनी कळायला लागल्यापासून पाळलेला. गावाकडं त्यात अवघड असं काही नव्हतंच. उसाला पाणी पाजून बापलेक पाच-साडेपाचला घरी यायचे, आण्णांची बायको सुंदरी तव्यावरची भाकरी थेट ताटात टाकायची, आणि अरिहंत बापाच्या मांडीला मांडी लावून तीन-तीन भाकरी हाणायचा. पुढं अरिहंतला सांगलीत नोकरी लागली. मग सुंदरी गेली, आण्णांचे गुडघे गेले, शेत वाट्यानं दिलं आणि आण्णा लेकाकडं राहायला आले.

आणि इथं जेवायला रात्रीचे नऊ! सून राजेश्वरी कॉलेजात शिकवायची, तिला यायलाच साडेसहा व्हायचे. बिचारी कॉलेजला जायच्या आधीच भाकरी करून डब्यात गुंडाळून ठेवायची. आण्णा झाकण काढायचे, घाम फुटलेल्या भाकरीकडं बघून कपाळाला आठ्या घालायचे आणि भिंतीकडं तोंड करून एकटेच जेवायचे. भाकरीचं एवढं नव्हतं हो, पण एकट्यानं गिळायचं त्याला काय जेवण म्हणायचं? रविवारी तरी लेकानं शेजारी बसावं, एवढंच त्यांचं मागणं. तर रविवारी न्याहारीच अकराला आणि जेवण तीनला! आण्णांचं समजावून झालं, रुसून झालं. एकदा तर डबा घेऊन थेट ऑफिसात जाऊन बसले. लेकसाहेब मीटिंगमध्ये. डबा तसाच घरी आला आणि आण्णा आठवडाभर लेकाशी बोलले नाहीत.

शेवटी अरिहंतच वरमला. गेल्या रविवारी दुपारचं जेवण लवकर उरकून त्यानं साडेपाचला पुन्हा ताटं मांडली. राजेश्वरीनं गरम भाकरी केल्या, मुगाची उसळ, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही. आण्णा ठेवणीतलं धोतर नेसून बसले.

अरिहंतनं एक घास घेतला. दुसरा चघळत राहिला. तिसऱ्याला पाणी प्याला. आण्णांचा पारा चढला. वर्षभर डोकं फोडल्यावर पोरगं बसलं, आणि आता औषध घेतल्यागत गिळतंय! चार शब्द सुनवायला त्यांनी मान वर केली, तर लेकाचे डोळे भरलेले.

"आण्णा, ह्या टायमाला मला भूकच लागत न्हाई. लय वर्सं झाली. तुमास्नी वाईट वाटंल म्हणून बोललो न्हाई."

वर्षभर आण्णा लेकाला आळशी समजत होते, बायकोच्या ताटाखालचं मांजर समजत होते, धर्म सोडलेला समजत होते. पोराची भूकच बदलली असेल, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. आता रागवायचं तरी कुणावर?

त्यांनी हात लांब करून लेकाच्या ताटातली उष्टी भाकरी उचलली आणि आपल्या ताटात ठेवली.

"ऊठ. भूक नसंल तवा जेवू नगंस," ते म्हणाले. "नऊ वाजता जेवशील तवा मला हाक मार. मी खानार न्हाई. नुसता शेजारी बसतो."

आणि दिवस मावळायच्या आत संपवायची म्हणून ते लेकाची भाकरी घाईघाईनं खायला लागले.