संशयकाकांचा एकुलता एक गुन्हा

काहींना चेहरा देताना देवाने हात आखडता घेतलेला असतो. संशयकाकांच्या बाबतीत त्याने भुवयांचं माप जरा जास्तच ओतलं. जाड, मधोमध जुळलेल्या त्या भुवया आणि खाली असे डोळे, की काकांनी नुसतं "चहा घेणार?" म्हटलं तरी समोरच्याने आधी कपात डोकावून बघावं. माणूस मात्र इतका गरीब, की घरात झुरळ निघालं तर स्टुलावर चढून काकूंना हाका मारायचा.

काकूंनी या चेहऱ्याशी लग्न केलं तेव्हा त्यांच्या आईने डोळ्यांना पदर लावला होता. काकूंना मात्र पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, की हे सगळं वरवरचं आहे.

काका चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचे. एकदा एक सिनेमाचा दिग्दर्शक चष्मा करायला आला. त्याच्या दोन डोळ्यांमधलं अंतर मोजायला काका पट्टी घेऊन पुढे वाकले, तर तो खुर्चीसकट मागे सरकत भिंतीला टेकला. चष्मा न्यायला आला तेव्हा काकांना घेऊनच गेला.

रहस्यपटाचा एक रिवाज असतो. खून सुरुवातीलाच होतो आणि खरा खुनी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हसतखेळत वावरत असतो. आता त्याच्यावरून प्रेक्षकांची नजर हटवायची, तर दुसरं कुणीतरी पुढे करावं लागतं. स्टुडिओत त्या भूमिकेला 'चकवा' म्हणत. रानात चकवा लागलेला माणूस जसा फिरून फिरून त्याच जागी येतो, तसा प्रेक्षक काकांभोवती फिरत राही. काका कधी माळी असत, कधी कंपाउंडर, कधी भाडेकरू. कॅमेरा त्यांच्या हातांवर गरजेपेक्षा जरा जास्त थांबे. "काल संध्याकाळी कुठे होतात?" असं विचारलं की ते आधी जमिनीकडे बघत आणि मग उत्तर देत. मागे एखादं वाद्य खालच्या सुरात घुमत राही. शेवटी इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करून म्हणे, "हा माणूस निर्दोष आहे." काका मान खाली घालून पडद्याबाहेर जात आणि टाळ्या भलताच कुणीतरी खाऊन जाई.

समीक्षकांनी त्यांच्यावर कधी एक ओळ खर्ची घातली नाही. बरंच झालं. ज्यांना चकवा लागलाय हेसुद्धा कळत नाही, त्यांनी काय लिहायचं?

काकांच्या कामाची पारख करायच्या काकू. पहिल्या खेळाला त्या शेवटच्या रांगेत बसत. पडद्याकडे त्यांचं फारसं लक्षच नसे. पुढची डोकी कधी एकमेकांकडे कलतात आणि काय कुजबुजतात, तिकडे कान असे. घरी आल्या की काका दारातच विचारत, "कधी?" म्हणजे संशय कधी आला?

"ओली छत्री पलंगाखाली सरकवलीत ना, तेव्हा."

"आणि सुटलो कधी?"

"इन्स्पेक्टर बोलला तेव्हा. पुढची बाई हळहळली हो. म्हणाली, बिचारा, उगीच बोल लावला आपण."

त्या 'बिचारा'वर काकांचं पोट भरे. मानधनाचं पाकीट ते न उघडताच काकूंच्या हाती देत.

अशी अर्धी हयात गेली. काकांचे केस पिकले, भुवया मात्र पिकायला तयार नव्हत्या. एके दिवशी एक तरुण दिग्दर्शिका घरी आली. इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर म्हणाली, "काका, या वेळी खून तुम्ही केलाय."

काकांनी कप बशीत ठेवला.

"तुम्ही दिसलात की लोक आता म्हणतात, हा नाही, हा नेहमीचा," ती पुढे म्हणाली. "मला तेच वापरायचंय. शेवटपर्यंत तुमच्यावर कुणाचा डोळा जायला नको. गेला, तर माझा सिनेमा तिथेच आटोपला." मग जरा घुटमळली. "पण खरं सांगते, ही युक्ती एकदाच चालते. नंतर तुम्हाला चकवा म्हणून कुणी घेणार नाही. एकदा तुम्ही खरंच केलेलं लोकांनी बघितलं, की संपलं."

ती गेल्यावर काकू म्हणाल्या, "नाही म्हणून सांगा. जन्मभराची पुण्याई एका सिनेमात घालवायची?"

"अगं, जन्मभर दुसऱ्यांच्या खुनाचे शिंतोडे अंगावर घेतले," काका म्हणाले. "एकदा माझा मला करू दे की!"

काकूंना हसू फुटलं आणि तिथेच त्या हरल्या.

पण तालमीला भलतंच झालं. भूमिका होती एका विधवेच्या मदतीला धावणाऱ्या शेजाऱ्याची. नवऱ्याला चहातून विष याच शेजाऱ्याने दिलेलं. आणि इन्स्पेक्टरने प्रश्न विचारला रे विचारला, की काकांची नजर जमिनीवर, हात खिशात!

"काका, तुम्ही काहीतरी लपवताय असं दिसतंय," दिग्दर्शिका म्हणाली.

"लपवतोयच ना! खून केलाय मी!"

"अहो, पण खरा खुनी तसं दिसू देत नाही!"

काकांनी पुन्हा केलं, पुन्हा तेच. नजर वर ठेवायला जावं तर मान आखडायची. जित्याची खोड, इतकी वर्षं निर्दोष माणसं केली, अपराधी कसा वागतो हे काकांना ठाऊकच नव्हतं. शेवटी दिग्दर्शिका रडवेली होऊन म्हणाली, की उद्या जमलं नाही तर तिला दुसरा नट बघावा लागेल.

त्या संध्याकाळी काका घरी आले ते थेट स्वयंपाकघरात गेले आणि फडकं घेऊन भांडी पुसू लागले. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी काकांचं गोड बंद केलेलं होतं.

"बाहेर गोड खाल्लंत ना?"

काका पुसता पुसता थांबले. "तुला कसं कळलं?"

"अहो, एरवी इकडचा पेला तिकडे करत नाही तुम्ही. काही लपवायचं असलं की भांडी पुसता. माझं घड्याळ पाडलंत तेव्हा पुसलीत. दुकान सोडलंत तेव्हा आठवडाभर पुसत होतात आणि मला वाटलं, किती गुणाचा नवरा आहे माझा!"

काका ओशाळून हसले. काकू मात्र हसता हसता थांबल्या. "आणि ऐका, जमिनीकडे बघता ते तुम्ही तिकडे, सिनेमात. घरी थेट माझ्याकडे बघता. छान हसून विचारता, 'अजून काही पुसायचंय का?'"

काकांनी फडक्याकडे पाहिलं. मग काकूंकडे. दुसऱ्या दिवशी तेच फडकं खिशात घालून ते कामावर गेले.

पहिल्या खेळाला काकू नेहमीसारख्या शेवटच्या रांगेत बसल्या. काका पडद्यावर आले आणि सभागृहात मायेचा हशा पिकला. पुढचा एक तरुण शेजारच्याला म्हणाला, "आला बघ आपला संशयकाका! म्हणजे हा नाही." काकूंनी मनात म्हटलं, पहिली पायरी चढलो. पुढे कुणी पुतण्यावर संशय घेतला, कुणी डॉक्टरवर, एकाने तर त्या बिचाऱ्या विधवेलाच फासावर चढवलं. मागे काका दृश्यादृश्यात कप विसळत होते, पुसत होते, लोकांना चहा देत होते. त्यांच्याकडे एकही डोकं वळलं नाही.

शेवटी रिवाजाप्रमाणे सगळे दिवाणखान्यात जमले. इन्स्पेक्टरने टेबलावरचा कप उचलून उजेडात धरला. म्हणाला, "चार माणसांच्या घरात रोज चहा होतो. आम्ही सगळं कपाट तपासलं. एकाही कपावर एकाही माणसाच्या बोटाचा ठसा नाही."

हळूहळू सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या. तिथे काका फडकं घेऊन उभे होते. त्यांनी थेट समोर पाहिलं, छान हसले आणि विचारलं, "अजून काही पुसायचंय का?"

पुढच्या रांगेतले सगळे खुर्चीत मागे सरकले. सगळं आधीपासून ठाऊक असलेल्या काकूंच्याही अंगावर काटा आला. अभिमानाने त्यांचा ऊर भरून आला, आणि या माणसाबरोबर आपण एका घरात राहतो या विचाराने क्षणभर भीतीही वाटली.

काकू घरी आल्या तेव्हा काका दारातच उभे होते. "कधी?"

"कधीच नाही," काकू म्हणाल्या. "शेवटच्या कपापर्यंत कुण्णाला नाही. जिंकलात तुम्ही."

काकांनी मान डोलावली. दुसरा प्रश्न त्यांनी विचारला नाही. ते आत गेले आणि भांडी पुसू लागले. काकू चपला काढून मागोमाग गेल्या.

"काय लपवताय?"

"कुठे काय?"

"अहो, तो पेला कोरडाच आहे."

काकांनी पेला खाली ठेवला. "या वेळी शेवटी कुणी म्हणालं नाही ना, हा माणूस निर्दोष आहे म्हणून," ते म्हणाले. "सवय झाली होती गं. इतकं लागेल असं वाटलं नव्हतं."

"मग दुसरं का नाही विचारलंत?"

"काय विचारायचं? सुटलोच नाही मी."

काकूंनी त्यांच्या हातातून फडकं काढून घेतलं. "माझ्या पुढच्या रांगेत एक आजी होत्या. दिवे लागले, लोक उठले, पण त्या जागच्या हलेनात. नात म्हणाली, चल आजी, संपलं. तर म्हणाल्या, 'थांब गं, संपलं कसं? हा नाही असं करायचा. इन्स्पेक्टरची काहीतरी चूक झालीय. आता येईल आणि सांगेल.'"

काकांच्या भुवया थरथरल्या. "मग?"

"मग काय! झाडायला माणसं आली. मी निघाले तेव्हाही बसूनच होत्या."