व्हय म्हाराजा

सरांनी माझे केस मुठीत धरले आणि तोंड फळ्यावर दाबलं. खडू नाकात गेला.

"वाच! काय लिवलंस ता वाच!"

सर म्हणजे आमचे मालक, देवबागच्या किनाऱ्यावर त्यांचं हॉटेल. मी तिथे भांडी घासायचे. जेवणाचा फळा मॅनेजर लिहायचा, तो रजेवर. म्हणून मला लिहायला लावलं. इंग्रजीत. मी मराठी शाळेतली, सातवी पास. प्रॉन्स, क्रॅब, पॉम्फ्रेट. कानावर पडलं तसं लिहिलं. सगळी स्पेलिंगं चुकली. पाहुणे फोटो काढून हसत सुटले आणि सरांची अब्रू गेली. माझे केस ओढले, त्याने नाही गेली!

तेवढ्यावर भागलं असतं तर मी गिळलंही असतं. गिळायची सवय असते आम्हाला. पण सर गावचेच. पाहुण्यांना आणखी हसवायचं म्हणून त्यांनी मला टेबलांच्या मधोमध उभं केलं आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं. आमच्या देवळात मानकरी गावाच्या वतीने देवाला घालतो, ते गाऱ्हाणं.

"बा देवा म्हाराजा! ह्या अडाणी बायलमाणसाक इंग्लिश येणा नाय. तेच्या डोक्यातला शेण काढून टाक रे म्हाराजा!"

मग नोकरांकडे बघितलं. नोकर ओरडले, "व्हय म्हाराजा!"

त्यांत माझा सख्खा दीर होता. हातात सोलकढीचे पेले.

माझं डोकं फिरलं. फळा उचलला आणि दोन्ही हातांनी सरांच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला. ते अंगावर धावले, मी परत हाणला. पाहुणे खुर्च्या पाडत पळाले. मला भीती वाटली नाही. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी दीर दारात आला.

"वैनी, चल. पाय धर तेंचे. नायतर माजी नोकरी जातली."

"देवाच्या नावान माका शेण म्हटल्यानी," मी म्हटलं, "आणि तू व्हय म्हटलंस."

मी दार लावलं. त्याचीही नोकरी गेली. घरात आता माझ्याशी कोणी बोलत नाही.

सरांनी पोलिसांत तक्रार केली. मीही केली. पोलीस म्हणतात, गावातलीच माणसं तुम्ही, मिटवून टाका.

नाही मिटवणार. मला आत टाकायचं तर टाका. जे पाहुण्यांसमोर बोलले, ते सरांनी देवळात, सगळ्या गावासमोर उभं राहून कबूल करायचं. तोवर मी हटत नाही. आणि पुन्हा कोणी माझ्या केसांना हात घातला, तर नुसत्या ओठावर निभावणार नाही.