गाडी चालवणारी मी, ब्रेक उघडणारे हे

आमच्या गाडीच्या ब्रेकचे किस्से सांगायला बसले की ऐकणारे पोट धरधरून हसतात. एक संपला की म्हणतात, "अजून सांगा ना!" हसा बापड्यांनो. तुमचं काय जातंय? त्या गाडीत बसायचे मी!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही कामतघरला राहायचो. मी शिकवायचे ती शाळा शेलारला. आमच्याकडे एक सेकंडहँड मारुती होती. ती मी चालवायचे, कारण आमच्या ह्यांना गाडी चालवता येत नव्हती. उघडता मात्र येत होती! दर रविवारी हे आणि शेजारचे याकूबभाई गाडीखाली. याकूबभाईंचे मागच्या शेडमध्ये कापड विणायचे बारा लूम. माणूस सोन्यासारखा, पण हातात पाना आला की ह्यांच्याइतकाच बिघडायचा. गॅरेजचं नाव काढलं की हे म्हणायचे, "आपल्या हाताने केलेलं काम ते आपलं काम!"

* * *

एकदा ब्रेक किंचाळायला लागले. धामणकर नाक्यावर मी ब्रेक दाबला की रिक्षावाले वळून बघायचे. घरी सांगितलं तर हे म्हणाले, "कुठे? मला तर काही ऐकू येत नाही."

येईल कसं? मागे बारा लूम खडखडतायत! शेवटी शुक्रवारी लूम बंद होते, तेव्हा मी गाडी अंगणातच पुढेमागे करून दाखवली. याकूबभाई उठले, शेडमधून तेलाची बुदली घेऊन आले आणि चाकामागच्या, ब्रेक जिला पकडतो त्या डिस्कवर छान तेल सोडलं.

"भाभी, लूम चीं चीं करतो तेव्हा आपण काय करतो? तेल!"

दुसऱ्या दिवशी नाक्यावर ब्रेक दाबला. आवाज अजिबात नाही. गाडीही अजिबात थांबली नाही! समोरच्या कांद्याच्या हातगाडीवर जाऊन आदळली. कुणाला लागलं नाही हे नशीब. कांदे मात्र पार रिक्षा स्टँडपर्यंत. कांदेवाला मला म्हणाला, "मॅडम, कम से कम हॉर्न तो मारतीं!"

घरी येऊन मी सगळं सांगितलं. ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण आवाज गेला ना?"

* * *

ब्रेकचे नवे पॅड आणले. दुकानदाराने मला पॅडवरची एक छोटी लोखंडी पत्ती दाखवली. पॅड झिजत आलं की ती डिस्कला घासते आणि ओरडते. म्हणजे पॅड बदला, असं सांगायलाच ती ठेवलेली असते. मी घरी येऊन ह्यांना शब्दन् शब्द सांगितला.

रविवारी बघते तर काय, हे कानस घेऊन बसलेले. चारही पत्त्या साफ!

"आता आयुष्यात ओरडणार नाही!"

"अहो, मग पॅड संपलं हे कळणार कसं?"

"तू आहेस की ओरडायला!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती कानस मी उचलली आणि थेट विहिरीत टाकली.

* * *

आमच्या शाळेतली तरुण शिक्षिका शुभदा रोज माझ्या मागच्या सीटवर असायची. पोरगी साधी, कधी तक्रार नाही. पण आरशात बघावं तर ती दोन्ही पाय समोरच्या सीटखाली घट्ट रोवून बसलेली.

मी म्हटलं, "अगं, सैल बस की जरा."

"बाई, तुमचा ब्रेक तुम्ही लावा. माझा मी लावते."

* * *

पत्त्याच नव्हत्या, त्यामुळे पॅड कधी संपले ते कळलंच नाही. लोखंडावर लोखंड घासून डिस्कवर खोल चरे पडले. मी म्हटलं, नवीन डिस्क आणा. ह्यांनी काय करावं? लूमचे शाफ्ट घासून देणाऱ्या लेथवाल्याकडे नेऊन त्या घासून आणल्या. आरशासारख्या चकचकीत आणि पापडासारख्या पातळ!

"ह्या गाडीला लावणार?"

"अगं, वजन कमी झालं. ॲव्हरेज वाढेल!"

शुभदाला तेव्हा सातवा महिना होता. मी त्या दोन्ही डिस्क भंगारवाल्याला देऊन टाकल्या आणि स्वतः ठाण्याला जाऊन नव्या डिस्क, नवे पॅड घेऊन आले. गाडी गॅरेजला न्यायची, असं बजावून सांगितलं. शाळेच्या परीक्षेचं काम होतं म्हणून तेवढ्या त्या रविवारी बाहेर गेले.

* * *

परत आले तर दोघं हात पुसत उभे. सगळं बसवून मोकळे! गाडी याकूबभाईंच्या शेडच्या भिंतीकडे तोंड करून उभी.

"फर्स्टक्लास!" हे म्हणाले.

"एकदम ओके भाभी, टेन्शनच नाय घ्यायचं!" याकूबभाई म्हणाले.

"उद्या यात शुभदा बसणार आहे. दोन जीवांची बाई आहे ती."

"खुशाल बसू दे!"

"नक्की?"

"अगं, किती वेळा सांगू? नक्की!"

"मग त्या भिंतीला टेकून उभे राहा. दोघंही."

दोघं हसले. मी हसले नाही. मग दोघं ऐटीत गेले आणि भिंतीला पाठ लावून, हाताची घडी घालून उभे राहिले. मी गाडीत बसले, दार लावलं, गाडी सुरू केली. पहिला गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. गाडी हातभर पुढे सरकली.

याकूबभाईंची घडी सुटली.

"भाभी, रुको रुको! साहेब, तो उजव्या चाकातला ब्रेकचा मोठा बोल्ट तुम्ही टाइट केला होता ना?"

"मी? मला वाटलं तुम्ही केलात!"